नुसती तक्रार आहे की धोरणाचा विषय, कसं ओळखायचं?

आपल्याकडे काही झालं की "सरकारने काहीतरी केलं पाहिजे" हे ठरलेलं, पण प्रत्येक गोष्ट काय धोरणाचा विषय नसते. गल्लीत खड्डा पडलाय ना, मग फोटो काढा, वॉर्ड ऑफिसला तक्रार टाका, बास. पण तोच खड्डा दर पावसाळ्यात त्याच जागी पडत असेल तर मग टेंडरमध्ये काय अटी होत्या, ठेकेदाराने किती वर्षं दुरुस्ती करायची होती हे काढावं लागतं. म्हणजे आधी एवढंच बघा, की साहेबाला हलवून काम होणारे का नियम बदलल्याशिवाय होणारच नाही.

मग पैसा बघा, कोणाच्या खिशातून जाणार आणि कोणाला मिळणार. पगाराच्या स्लिपवर पीटी (प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर) म्हणून महिन्याला २०० कापतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे झाले २५००, तो कर १९७५ साली आला तो मुळात रोजगार हमी योजनेसाठी! (नोकरदारांना विचारा, दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं.) १९७२ च्या दुष्काळात लोकं खडी फोडायला जायची, पण काम काढायचं की नाही ते सरकारच्या मर्जीवर. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी लावून धरलेलं "मागेल त्याला काम" १९७७ च्या कायद्यात आलं आणि तिथून काम मागणं हा हक्क झाला. ऑफिसातल्या माणसाचा पैसा बांधावरच्या मजुराला द्यायचा, हे काय चार शेजाऱ्यांनी बसून ठरवता येत नाय, त्याला विधानसभाच लागते.

आता तुमचा प्रश्न कागदावर मांडून बघा. कोणाला मिळणार, कोणी द्यायचं, किती दिवसांत, आणि दिलं नाही तर काय. रोजगार हमीत १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता, असं स्पष्ट आहे. बहुतेक निवेदनं या "नाही दिलं तर" पाशीच गळपटतात, नुसतं "योग्य ती कार्यवाही व्हावी" लिहून मोकळे, त्याने कोणाला काय फरक पडतो.

आणि हो, निवेदन टाइप करण्याआधी शासनाच्या साइटवर जीआर (शासन निर्णय) शोधा. बऱ्याचदा नियम आधीच असतो, फक्त कोणी पाळत नसतं, मग नवीन धोरण मागत बसू नका, १० रुपयांचा आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका आणि त्या जीआरवर तुमच्या तालुक्यात काय केलं ते लेखी मागा.