भिगवणचे रोहित, स्कोप आणि मोबाईल

भिगवणला उजनी धरणाच्या बॅकवॉटरला काठावरून रोहित (फ्लेमिंगो) पार लांब दिसतात, ८० मिमी भिंगाच्या स्पॉटिंग स्कोपला (पक्षी बघायची एकनळी दुर्बीण) मोबाईल लावून फोटो काढले की सगळं नुसतं धुरकट यायचं. स्कोपचा झूम ६० पटीवरून २० पटीवर आणला आणि निम्मं काम झालं, कारण ८० भागिले ६० म्हणजे जेमतेम १.३ मिमीचा प्रकाशाचा झोत फोनला मिळतो, २०ला तोच ४ मिमी, मग शटर आपोआप फास्ट होतं. कडेचं काळं वर्तुळ फोनच्याच झूमने घालवलं. बोट लागून हलायचं ते २ सेकंदाच्या टायमरने थांबलं. पण ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, तिथे कितीही महागडी काच असू दे काही उपयोग नाही, सकाळी लवकरच उरका. आणि हो, मोबाईल स्कोपला जोडणारा अ‍ॅडॉप्टर घट्ट बसणारा बघा, ढिला असला की डोकं फिरतं.