एसटीपीच्या ग्राइंडरवर काम करायचंय? नवीन पोरांसाठी थोडं

आयटीआय फिटर किंवा मेकॅनिकल डिप्लोमा झाला की नाशकात सगळ्यांचे बायोडेटा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फिरतात, सीएनसी पाहिजे, ऑटो पार्ट्सची कंपनी पाहिजे, एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं, नाव काढलं की नाक मुरडतात. घरचे तर विचारतातच, शिकून सवरून गटारात कशाला? ठीक आहे, वास येतो, खोटं कशाला बोलू. पण ग्राइंडर, म्हणजे सांडपाण्यातल्या कचऱ्याचे तुकडे करणारं मशीन, नीट कळणारी माणसं कमी आहेत आणि 2027 च्या कुंभामुळे सांडपाण्याच्या कामांकडे सगळ्यांचं लक्ष आहे, म्हणून लिहितोय.

मशीन अवघड नाही. डोळ्यासमोर रसवंतीचा चरक आणा, फक्त रोलरच्या जागी दातांचे कटर. दोन शाफ्ट एकमेकांच्या उलट फिरतात, षटकोनी शाफ्टवर कटर-स्पेसर-कटर-स्पेसर (स्पेसर म्हणजे दोन कटरमधली चकती) अशी थप्पी असते, आणि इकडचा कटर तिकडच्या स्पेसरसमोर येतो. स्पीड कमी, टॉर्क म्हणजे पिळायची ताकद जबरदस्त. पंपाच्या आधी चॅनलमध्ये किंवा पाइपलाइनमध्ये बसवतात म्हणजे चिंध्या पंपात जाऊन अडकत नाहीत. कमी दातांचा कटर मोठा माल पकडतो, जास्त दातांचा बारीक करतो, हे इंटरव्ह्यूला विचारतात बरं का.

आता खरी गोष्ट. कॅटलॉग पाठ करून काही होत नाही, पॅनेलवरचा अँपिअर वाचता आला पाहिजे. काहीतरी अडकलं की करंट वाढतो, कंट्रोलर मोटर थांबवतो, थोडं उलटं फिरवतो, परत सरळ. ठराविक वेळेत हे पुन्हा पुन्हा झालं की ट्रिप, म्हणजे मशीन बंद, आणि अलार्म. रिव्हर्स किती वेळा झालं ते रोज लिहून ठेवा, तारीख-वेळेसकट, आणि त्या दिवशी चॅनलला काय आलं होतं तेही. आमच्या साइटवरचे एक जुने ऑपरेटर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, सण बघून सांगायचे आज मशीन रडणार म्हणून. नारळाच्या शेंड्या, निर्माल्यातले दोरे, गुटख्याच्या पुड्या, पॅड, वेट वाइप्स, केस, सगळं येतं. शेंडी कापली जाते, पण केस आणि लांब धागे फटीतून निसटतात आणि पुढे पाण्यात एकमेकांना पीळ बसून त्यांचा दोर होतो, मग पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, जाम. म्हणून ज्या प्लांटला कचरा बाहेरच काढायचा असतो तिथे स्क्रीन, म्हणजे कचरा अडवणारी जाळी, लागते, कारण ग्राइंडर कचरा काढत नाही, तुकडे करून पुढे ढकलतो. माझं मत विचाराल तर दोन्हीची जागा वेगळी आहे, सेल्सवाले काहीही सांगोत.

ट्रिप सारखी होते म्हणून ओव्हरलोडचं सेटिंग वाढवणारे महाभाग भेटतील. तुम्ही हात लावू नका. आधी ग्राइंडरमधून पुढे गेलेला माल बघा. बारीक तुकडे असतील तर कटर ठीक आहेत, लांब पट्ट्या दिसल्या तर थप्पी ढिली झालीय किंवा धार गेलीय. पावसाळ्यात वाळू-माती जास्त येते, कटरची झीज तेव्हा वाढते. शाफ्टजवळून पाणी आत जाऊ न देणाऱ्या मेकॅनिकल सीलकडे पण बघत जा, सील गेलं की घाण पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि मग छोट्या खर्चाचा मोठा खर्च होतो.

शिकायचं काय तर थ्री फेज, स्टार्टर, व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारं युनिट), पीएलसीचं (मशीन आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरचं) बेसिक, सील-बेअरिंग बदलणं, ड्रॉइंग वाचणं. वर्कशॉपमध्ये एक तरी ग्राइंडर पूर्ण खोलून परत थप्पी लावायला मिळाली तर सोडू नका, ओव्हरटाइम नाही मिळाला तरी चालेल. नाशकातला तपोवन किंवा आगरटाकळीचा एसटीपी परवानगी काढून बघता आला तर इनलेटपासून, म्हणजे सांडपाणी आत येतं तिथून, चालत जा, सगळे टाक्याच बघत बसतात.

सेफ्टीवर मात्र जरा अडून बसा. मेन स्विच बंद, कुलूप तुमचं, चावी तुमच्या खिशात, मगच कटरला हात, कारण ऑटोवर असलेलं मशीन स्वतःहून सुरू होतं. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आणि साधारण 100 पीपीएमला नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही. 2013 च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाची साधनं न देता माणूस उतरवायला बंदी आहे. जॉइन व्हायच्या आधी सरळ विचारा, साहेब गॅस डिटेक्टर आहे का, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं? उत्तर द्यायला चाचरले तर दुसरी नोकरी बघा. आणि धनुर्वात, हिपॅटायटिसच्या लसी पहिल्याच आठवड्यात घ्या, कंपनीने पैसे दिले तर उत्तम, नाहीतर स्वतःच्या खिशातून.