इंग्रजी ‘पेपर’ : अर्थ कसा ओळखावा, वापर कसा करावा

‘पेपर’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो मुद्दाम शिकावा असे कोणाला वाटत नाही, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. आपल्या बोलण्यात पेपर म्हणजे बहुधा वर्तमानपत्र किंवा परीक्षेची प्रश्नपत्रिका. इंग्रजीत मात्र या शब्दाचा पहिला अर्थ कागद हाच आहे. ‘पपायरस’ या वनस्पतीच्या नावावरून, लॅटिन आणि फ्रेंच भाषांच्या वाटेने, तो इंग्रजीत आला.

वाक्य रचण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवावी : आपण कागद या पदार्थाबद्दल बोलत आहोत, की त्यावरच्या मजकुराबद्दल? पदार्थ असेल तर ‘पेपर’ हे पाणी किंवा वाळूसारखे न मोजता येणारे नाम ठरते. म्हणून दहा कोऱ्या कागदांना ‘टेन पेपर्स’ न म्हणता ‘टेन शीट्स ऑफ पेपर’ म्हणावे. ‘शीट’ म्हणजे अखंड ताव किंवा पान. ‘पीस ऑफ पेपर’ मात्र फाडलेला चिटोराही असू शकतो. असे 500 ताव म्हणजे एक ‘रीम’.

मजकूर अभिप्रेत असेल, तर हेच नाम मोजता येते. ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका किंवा शोधनिबंध. यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा हे संदर्भावरून कळते. ‘पेपर्स’ या अनेकवचनाला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे कागदपत्रे. एखाद्या व्यक्तीने मागे ठेवलेली पत्रे, टिपणे आणि रोजनिशी यांनाही मिळून ‘पेपर्स’ म्हणतात.

माझ्या मते सर्वाधिक काळजी क्रियापदाची घ्यायला हवी. ‘मी काल पेपर दिला’ याचे शब्दशः ‘आय गेव्ह अ पेपर यस्टर्डे’ असे इंग्रजी केले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की आपण एखाद्या परिषदेत शोधनिबंध सादर केला. परीक्षार्थीने ‘आय टुक अ टेस्ट’ किंवा ब्रिटिश वळणाने ‘आय सॅट अ पेपर’ म्हणावे. आपण पेपर ‘काढतो’, इंग्रजीत तो ‘सेट’ करतात. आपला पेपर ‘फुटतो’, तिथे तो ‘लीक’ होतो. ‘रीड द पेपर’ म्हणजे बहुधा वर्तमानपत्र वाचणे, पण परिषदेच्या संदर्भात ‘रीड अ पेपर’ म्हणजे निबंधवाचन करणे. ‘द’ आणि ‘अ’ यांच्या फरकाने अर्थ असा पालटतो.

‘व्हाइट पेपर’साठी आपल्याकडे श्वेतपत्रिका हा नेमका शब्द आहे. ‘ऑन पेपर’ या प्रयोगाला मात्र दोन अर्थ आहेत. ‘पुट इट ऑन पेपर’ म्हणजे लिहून काढा, तर ‘इट लुक्स गुड ऑन पेपर’ म्हणजे कागदावर ठीक दिसते, प्रत्यक्षात काय होईल ते सांगता येत नाही. ‘योजना कागदावरच राहिली’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा दुसरा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.