शिबिराला जायचं की घरूनच बघायचं?

आधी कार्यक्रमपत्रिका मागवा. नुसती व्याख्यानं असतील तर ऑनलाइन पुरे. दोन तासांच्या चर्चासत्रासाठी पुणे-मुंबई जाऊन-येऊन सात तास घालवणं परवडत नाही. हातानं काही करून बघायचं असेल किंवा माणसं गाठायची असतील, तर मात्र जाच. खरी कामं चहाच्या सुट्टीत होतात.

ऑनलाइनचा घोळ बहुधा डेटात होतो. झूमचा व्हिडिओ तासाला साधारण १ जीबी खातो, म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक दीड तासात संपतो. वायफाय नसेल तर स्वतःचा कॅमेरा बंद ठेवा. कार्यक्रम परदेशातला असेल तर वेळही जुळवून बघा: लंडनचे संध्याकाळचे ५ म्हणजे आपले, तिकडच्या उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. रेकॉर्डिंग मिळणार का, हे पैसे भरण्याआधीच विचारा.