बुलेटच्या डाव्या झाकणाआड : प्रायमरी चेन आणि क्लचची घरच्या घरी दुरुस्ती

उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली, बिडाच्या सिलिंडरची, किकने सुरू होणारी जुनी बुलेट ३५० ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. इतर बहुतेक भारतीय मोटरसायकलींत इंजिनाची ताकद दोन दातेरी चाकांमार्फत क्लचकडे जाते आणि तिथे मालकाने हात घालण्यासारखे फारसे काही नसते. या बुलेटमध्ये मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स हे दोन स्वतंत्र भाग बोल्टने एकमेकांना जोडलेले असून, त्यांच्यामधले काम डावीकडच्या लांबट झाकणाआड तेलात फिरणारी दुपदरी, म्हणजे कड्यांच्या दोन ओळींची, चेन करते. तिलाच प्रायमरी चेन म्हणतात. इंग्लंडमधील रेडिच येथे घडलेली ही रचना १९५५ मध्ये मद्रासला आली आणि २००९-१० च्या सुमारास एकसंध इंजिनाच्या गाड्यांनी तिची जागा घेईपर्यंत मूळ आराखड्यात फारशी बदलली नाही. सेल्फ स्टार्टच्या किंवा पाच गिअरच्या गाड्यांत झाकणाआड काही जादा भाग असतात, म्हणून त्यांच्या मालकांनी पुढील क्रम जसाच्या तसा वापरू नये.

झाकण उघडण्याआधी दोष नक्की कुठे आहे हे कानाने आणि हाताने ठरवावे, कारण डाव्या बाजूने येणारा प्रत्येक आवाज चेनचा नसतो. सैल चेन हळू वेगात, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा पिळताना झटका देते आणि चेनकेसच्या, म्हणजे तिच्याभोवतीच्या पेटीच्या, आतून खळखळते. फारच सैल झाली असेल तर ती केसला घासते आणि तेलात ॲल्युमिनियमची चमक दिसू लागते. याउलट गरजेपेक्षा ताणलेली चेन इंजिनाच्या वेगासोबत चढत जाणारा एकसुरी घूं असा आवाज काढते. हा आवाज कानाला सौम्य वाटतो, पण क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या) आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगांवर अशी चेन सतत भार टाकत असल्यामुळे सैल चेनपेक्षा अधिक महागात पडते. न्यूट्रलमध्ये गाडी चालू ठेवून क्लच दाबावा : दाबताच आवाज थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घ्यावा, आणि गिअरमध्ये टाकून क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचच्या ड्रमचे बेअरिंग झिजले आहे असे समजावे.

एका आवाजाविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. क्रँकशाफ्टच्या डाव्या टोकावर, चेनच्या पुढच्या चक्राच्याही बाहेर, वीज निर्माण करणारा रोटर एका चावीवर (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्यावर) आणि एका नटावर बसवलेला असतो. हा नट सैल झाला की रोटर चावीवर हलू लागतो आणि त्याची ठोक कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, म्हणजे बिग एंड, गेल्यासारखीच ऐकू येते. माझ्या पहिल्या बुलेटचे इंजिन एका गॅरेजात याच आवाजावरून पूर्ण उघडले गेले, बिग एंड नवे बसले, बिल चुकते झाले आणि पहिल्याच चकरेत ठोक तशीच ऐकू आली. शेवटी डावे झाकण काढल्यावर रोटर दोन बोटांनी हलत होता. तेव्हापासून बुलेटच्या इंजिनात ठोक आहे असे कोणी म्हटले की मी आधी डावे झाकण उघडायला सांगतो, कारण ते काम एका सकाळचे आहे आणि इंजिन उघडणे आठवड्याचे.

क्लचच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात आणि त्या एकमेकींच्या उलट असतात. चढावर ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. आणि सिग्नलला उभे असताना न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताना गाडी दचकून पुढे सरते, तेव्हा क्लच पूर्ण सुटत नसतो. दोन्ही वेळा झाकण काढण्याआधी बाहेरून करता येण्याजोगे काम पूर्ण करावे. केबलचा ॲडजस्टर पूर्ण ढिला करावा, गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला असलेले छोटे झाकण काढून आतल्या स्क्रूचा लॉकनट सोडावा, स्क्रू पुशरॉडला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या दांड्याला, हलकेच टेकेपर्यंत फिरवून अगदी थोडा मागे घ्यावा, लॉकनट घट्ट करावा आणि मग केबलला हँडलच्या लिव्हरपाशी दोन ते तीन मिलीमीटर मोकळी चाल ठेवावी. अनेक लोक फक्त केबल ताणत राहतात, पुशरॉडकडे पाहतच नाहीत, आणि शेवटी क्लच कायमचा अर्धवट दाबलेला राहून प्लेटा जळतात. तेलाचीही चौकशी करावी : इंधन वाचवणारे म्हणून विकले जाणारे मोटारीचे तेल चेनकेसमध्ये घातले असेल, तर त्यातील घर्षण कमी करणारी द्रव्ये क्लचला घसरवतात. ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या, क्लचसाठी डब्यावर जासो (JASO, जपानी मानक) एमए अथवा एमए २ असा शिक्का असलेले मोटरसायकलचे तेल घ्यावे.

एवढे करूनही दोष राहिला तर गाडी थंड असताना सपाट जमिनीवर मेन स्टँडवर उभी करावी आणि बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी. डावा फूटरेस्ट काढावा आणि ब्रेकचे पेडल काढावे किंवा झाकणाच्या वाटेतून बाजूला घ्यावे. चेनकेसला तेल निथळण्यासाठी वेगळा बोल्ट शोधत बसू नये; खाली रुंद ट्रे ठेवून झाकण धरणारा मधला एकमेव मोठा नट सोडला आणि झाकण किंचित मागेपुढे हलवले, की तेल कडेने खाली येते. झाकण निघत नसेल तर लाकडी मूठ किंवा रबरी हातोडीने कडेकडेने ठोकावे. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्यास ॲल्युमिनियमच्या कडेवर चरा पडतो, आणि त्यातून पुढे कितीही नवे सील घातले तरी तेल पाझरत राहते. उतरलेले तेल टाकून देण्याआधी जुन्या पांढऱ्या कपड्यावर पसरून पाहावे. त्यात धातूचा चुरा आहे का, क्लचचा काळा गाळ आहे का, आणि मुख्य म्हणजे तेल घातले होते त्याहून जास्त निघाले आहे का, हे पाहावे; जास्त आणि इंजिन ऑइलसारखे काळे निघाले तर क्रँकच्या डाव्या बाजूचे सील गेले आहे.

पहिल्यांदा काम करणारा माणूस बहुधा खोलण्याच्या क्रमातच फसतो. चेन अखंड असते, तिला जोड देणारी कडी नसते. म्हणून ती काढायची तर पुढचे चक्र, चेन आणि क्लचचा ड्रम एकाच वेळी शाफ्टवरून सरकवावे लागतात. त्याआधी रोटरचा आणि क्लचचा असे दोन मोठे नट सोडायचे असतात आणि दोन्ही वेळा शाफ्ट फिरू न देता. रोटरचा नट क्लच जागेवर आणि त्याच्या प्लेटा स्प्रिंगांनी घट्ट दाबलेल्या असेपर्यंतच सोडून घ्यावा, कारण गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक रोखले तर तो रोध क्लचमधून चेनवर आणि चेनमधून क्रँकवर पोहोचतो. एकदा प्लेटा बाहेर काढल्या की क्रँक मोकळा फिरू लागतो आणि तो धरायला काही उरत नाही. ब्रेकचे पेडल तर आपण आधीच बाजूला केलेले असते. त्यामुळे सोबत्याने मागच्या ड्रमवरची ब्रेकची लिव्हर दोरी बांधून ओढून धरावी. स्टेटर, म्हणजे रोटरभोवतीचा न फिरणारा कॉइलचा भाग, त्याच्या तीन नटांवरून काढताना तारेला ताण देऊ नये आणि तो केसबाहेर टेकवून ठेवावा. त्यानंतर क्लचच्या स्प्रिंगांचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सोडून प्लेटा ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडाव्यात, आणि मगच क्लचचा मधला नट सोडावा. आता फोनवर फोटो काढता येतात, तरीही रोटर, चावी, वॉशर आणि कडी कागदावर ओळीने मांडण्याची सवय मला अधिक भरवशाची वाटते. अडकलेले चक्र किंवा क्लचचा मधला भाग पुलरनेच (शाफ्टवरचा भाग ओढून काढणाऱ्या हत्यारानेच) ओढावा. मागून ठोकण्याचा मोह आवरावा, कारण एक चुकीचा ठोका सीलची जागा फोडतो.

केवळ चेनचा ताण जुळवायचा असेल तर यांपैकी बहुतेक काही खोलावे लागत नाही, झाकण काढले की काम होते. चेनच्या खालच्या पदराखाली कमानीसारखा वाकवलेला स्लिपर असतो आणि त्याला वर ढकलणारा स्क्रू लॉकनटासह बसवलेला असतो. स्पार्क प्लग काढून, गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवावे आणि वरच्या पदराची मधोमध वरखाली होणारी चाल निदान पाचसहा ठिकाणी तपासावी. कोणतीही चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथे ती सर्वांत ताणलेली आढळेल तिथे सुमारे ६ मिलीमीटर चाल राहील असा स्लिपर बसवावा. सैल जागेवर ६ मिलीमीटर ठेवले तर ताणलेल्या जागेवर बेअरिंग मरते. लॉकनट आवळल्यावर मोजणी पुन्हा करावी, कारण आवळताना स्क्रू सोबत थोडा फिरतोच. स्लिपर शेवटपर्यंत चढवूनही चेन सैल राहिली, किंवा सर्वांत सैल आणि सर्वांत ताणलेल्या जागेत मोठा फरक असला, तर चेन बदलण्याची वेळ आली आहे. त्या वेळी दातांकडेही पाहावे. दात एका बाजूला आकड्यासारखे झुकले असतील तर नवी चेन त्यांच्यावर घालणे म्हणजे तीही लवकर घालवणे होय. पुण्यातल्या नाना पेठेसारख्या बाजारात या चेनचे बरेच प्रकार मिळतात, म्हणून जुनी चेन सोबत नेऊन ओळी आणि कड्या मोजून घ्याव्यात.

क्लचच्या प्लेटांपैकी घर्षणाच्या प्लेटा काचेसारख्या चकाकत असतील किंवा त्यांचे अस्तर सुटत असेल तर बदलाव्यात, आणि नव्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर त्याच तेलात बुडवून ठेवाव्यात. पोलादी प्लेट आरशाच्या तुकड्यावर ठेवून बोटाने दाबावी. डुगडुगली तर ती वाकली आहे, निळसर झाली असेल तर ती तापली आहे, आणि दोन्ही बाद आहेत. ड्रमच्या खाचांमध्ये प्लेटांच्या कानांनी खोबणी पाडलेल्या असतात, त्यांत प्लेटा अडकून क्लच सुटत नाही. खोबणी उथळ असतील तर बारीक कानशीने सपाट कराव्यात, खोल असतील तर ड्रम बदलावा. स्प्रिंगा एकमेकींशेजारी उभ्या करून उंची सारखी आहे का पाहावे. जोडल्यावर क्लच दाबून प्रेशर प्लेट सगळीकडून सारखी उचलली जाते का, हे झाकण लावण्याआधीच पाहून घेणे शहाणपणाचे ठरते.

जोडताना चेन, चक्र आणि ड्रम एकत्रच सरकवावे, चावी खाचेत नीट बसल्याची खात्री करावी आणि रोटरचा नट नव्या लॉक वॉशरसह भक्कम आवळावा. मग रोटर आणि स्टेटर यांच्यातील फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने, सभोवार तपासावी. ती सगळीकडे ०.२० मिलीमीटर हवी. कुठे गेज जात नसेल तर स्टेटरचे नट ढिले करून तो किंचित सरकवावा, अन्यथा वेगात रोटर स्टेटरला घासून कॉइल जाते. स्टेटरची तार चेनपासून दूर, तिच्या क्लिपेत बसली आहे ना हे पाहावे.

झाकणाची कड आणि रबरी सीलची खाच पेट्रोलने पुसून कोरडी करावी, जुने रबर कडक झाले असल्यास नवे घालावे, आणि मधला नट झाकण चोहोबाजूंनी टेकेपर्यंत व त्यानंतर थोडाच आवळावा. गळती थांबत नाही म्हणून हा नट पाइप लावून आवळणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने झाकण मधोमध आत दबते, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. तेल वरच्या टोपीतून घालावे. सुमारे ४०० मिलीलीटर लागते, पण मापाच्या भांड्यापेक्षा पातळीच्या स्क्रूवर विश्वास ठेवावा : गाडी मेन स्टँडवर सरळ उभी असताना तो स्क्रू काढून तेल तिथून ठिबकू लागेपर्यंत भरावे, ठिबकणे थांबले की स्क्रू लावावा. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, म्हणून तिथे घेतलेली पातळी खोटी असते. पेडल आणि फूटरेस्ट बसवल्यावर ब्रेक काम करतो याची खात्री करूनच गाडी रस्त्यावर न्यावी. क्लचच्या केबलची चाल पहिल्या चकरेनंतर पुन्हा तपासावी, आणि चेन नवी घातली असेल तर सुरुवातीच्या काही शे किलोमीटरनंतर तपासणीची टोपी उघडून तिचा ताण एकदा पाहावा, कारण नवी चेन सुरुवातीलाच सर्वांत जास्त सैल पडते.