छाटणीला निघताय? आधी पाना दाखवा

गेल्या मे महिन्यातला एक गुरुवार. निगडीची एक सोसायटी. झाड छाटायला माझ्याकडे सगळं होतं. परवानगीचा कागद होता, वीज 10 ते 2 बंद मिळाली होती, खालच्या सोळा गाड्या हलवून झाल्या होत्या, दोर तीन, माणसं चार, टेम्पो फाटकाशी. नव्हता फक्त चेनसॉचा, म्हणजे साखळी करवतीचा, पाना. नवी चेन विसाव्या मिनिटाला ढिली पडून बारवरून, म्हणजे ती ज्या पट्टीभोवती फिरते तिच्यावरून, उतरली आणि मी सोनमोहराच्या दुसऱ्या बेचक्यात, जमिनीपासून 25 फुटांवर, बंद पडलेलं मशीन मांडीवर घेऊन बसलो. म्हणून ही यादी. आमच्या पोरांसाठी लिहिली आहे, पण ज्याला लागेल त्याने घ्यावी.

पहिला पाना. कुठला, तेही सांगतो, कारण 'पाना घेतला' म्हणणारे चपटा पाना घेऊन येतात. मशीनबरोबर येतो तो टी आकाराचा: एका बाजूला 13 चा, बारच्या नटासाठी, दुसऱ्या बाजूला 19 चा, स्पार्क प्लगसाठी, आणि दांड्याचं टोक स्क्रू ड्रायव्हरसारखं, चेन ताणायच्या स्क्रूसाठी. तीन कामं, एक वस्तू. त्या दिवशी सोसायटीतल्या घराघरांतून बारा-तेराचे पाने आले, मोजून सात, सगळे चपटे. आमच्या मशीनचा नट कव्हरच्या खोबणीत आत बसतो, चपटा पाना तिथे शिरतच नाही. गॅरेजमध्ये जावं तर गुरुवार, आमच्या पट्ट्यात सुट्टीचा वार. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांच्या डिकीत गोटी पाना, नटावर वरून बसणारा, निघाला, तोवर पावणेदोन. दोनला वीज आली. झाड अर्धं छाटलेलं, अर्धं तसंच. पुढची तारीख मिळायच्या आत वळीव आला आणि राहिलेल्या बाजूची फांदी पार्किंगच्या शेडवर पडली. पत्र्यांचे पैसे माझ्या बिलातून वजा झाले, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं.

परवानगी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी निम्मे लोक 'फक्त फांद्याच तर काढायच्यात' म्हणत तसेच येतात. 1975 च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली शहरात झाड तोडायलाच नाही, छाटायलाही महापालिकेच्या उद्यान विभागामार्फत वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर 2021 च्या दुरुस्तीने ते 'हेरिटेज' ठरतं, तिथे जास्तच सांभाळून. कागदावर झाडाचं नाव आणि संख्या वाचा. गुलमोहराच्या परवानगीवर शेजारचा कडुनिंब छाटायचा नाही, सेक्रेटरी काकांनी कितीही गोड बोलून सांगितलं तरी. कागदाची प्रत खिशात ठेवा. कुणीतरी गॅलरीतून फोटो काढणारच, आणि त्यांचंही चुकत नाही.

वीज. तारा झाडातून जात असतील तर महावितरणकडे आधी अर्ज, आणि त्या दिवशी वायरमन समोर उभा. 'लाईन बंद केली' हे फोनवर ऐकून कुणी चढायचं नाही. ओली फांदी वीज वाहते, तारेला टेकलेला अॅल्युमिनियमचा पोलही वाहतो. इन्व्हर्टर आणि जनरेटरवाल्या सोसायटीत बंद तारेत उलटा करंट येऊ शकतो, म्हणून वायरमनने तपासून, अर्थिंग करून 'चढा' म्हटल्यावरच. यात घाई नाही. पण वीज ठरावीक तासांसाठीच मिळते, हे ध्यानात ठेवा. ते तास चेनसाठी असतात, पाना शोधण्यासाठी नसतात.

आदल्या संध्याकाळी झाडाखाली एक फेरी मारा. हातात काही नको, फक्त मान वर. आग्यामोहोळ आहे का? रेन ट्रीवर, उंच आडव्या फांदीच्या पोटाला, पानांमागे असतं आणि दुपारच्या उन्हात दिसतही नाही. मशीनच्या आवाजाने आणि हादऱ्याने त्या माश्या उठल्या की दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. वॉचमन मामांना विचारा, त्यांना नेमकं ठाऊक असतं. मोहोळ असेल तर काम पुढे ढकला. धूर करून पाहू, रात्री जाळू, असले उद्योग नकोत. मे महिना कावळ्यांच्या घरट्यांचाही. घरटं कुठल्या फांदीवर आहे त्यावरून पाऊस कसा पडेल ते सांगणारी माणसं आमच्याकडे अजून आहेत. तुम्ही निदान ती फांदी तरी ओळखून ठेवा. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर तेवढा भाग सोडायचा. याच फेरीत पोकळ बुंधा, बुरशीच्या छत्र्या, जुन्या तुटलेल्या फांद्यांचे कुजके खुंट बघा. गुलमोहराचा भरवसा अजिबात नाही. वरून हिरवा, आतून भुसा.

मशीन. चेनला रात्रीच धार लावा, साइटवर नाही. आमच्या छोट्या मशीनच्या चेनला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते. तुमची वेगळी असेल तर चेनच्या डब्यावर बघा, अंदाजाने घेऊ नका. प्रत्येक दाताला सारखेच हात द्या, तीन तर तीन, नाहीतर चेन एका बाजूला ओढते आणि काप तिरका जातो. लाकडातून ढलप्या पडल्या तर धार आहे, पिठासारखा भुसा पडला तर गेली. बोथट चेनवर माणूस जोर लावतो, आणि जोर लावणारा माणूसच घसरतो. चपटी कानसही पिशवीत टाका: चेन उतरली की आतल्या दातांना बुरी, म्हणजे कडेला खरखरीत कंगोरा, येते, ती काढल्याशिवाय चेन बारच्या खाचेत परत नीट बसत नाही. मला हे त्याच गुरुवारी कळलं.

आणि नवी चेन ताणते. दोष नसतो तिचा, सगळ्या ताणतात, पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त. म्हणून नवी चेन घालून थेट झाडावर जायचं नाही. खाली एखादं जाड लाकूड कापा, थांबा, गार होऊ द्या, मग ताण बघा: चेन बारच्या पोटाला टेकलेली हवी आणि हाताने ओढली तर सरकायला हवी. गरम असताना घट्ट करून ठेवलीत तर गार झाल्यावर आवळते. हे सगळं कशाने करणार? पान्याने. माझ्याकडे आता दोन आहेत. एक मशीनच्या पेटीत, एक माझ्या हार्नेसला, म्हणजे चढताना अंगाला बांधायच्या पट्ट्यांना, सुतळीने बांधलेला. सुतळी गाठ मारून, खिशात सुटा नाही. वरून पडलेला पाना खालच्याच्या डोक्यात जातो.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल एका लिटरला 20 मिली, कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर. लागेल तेवढंच मिसळा. आताचं इथेनॉलचं पेट्रोल पाणी धरतं, मागच्या हंगामातलं उरलेलं मिश्रण घातलंत की कार्ब्युरेटर बसलाच. चेन ऑइल वेगळं, डबा वेगळा. इंजिनाचं जळकं ऑइल चेनला घालणारे भेटतात, त्यांच्याशी वाद घालत बसू नका.

दोर. चढायचा वेगळा, फांदी उतरवायचा वेगळा, कधीही अदलाबदल नको. फांदीचे झटके खाल्लेला दोर बाहेरून चांगलाच दिसतो. सगळा दोर हातातून सरकवा, मऊ पडलेली किंवा फुगलेली जागा लागली तर तिथून कापून टाका, हळहळू नका. वर मशीन चालवताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा, मुख्य दोर आणि कमरेचा आखूड दोर, आखूड दोर शक्यतो आत स्टीलची तार असलेला. कारण सोपं आहे: चेनला तुमचा दोर आणि फांदी यातला फरक कळत नाही. पायात चढायचे लोखंडी काटे घालून जिवंत झाडावर चढू नका, छाटायला गेलात आणि खोडभर भोकं पाडून आलात असं होतं. आणि खाली उभा, गरज पडली तर वर चढता येणारा दुसरा माणूस, त्याचा वेगळा हार्नेस, हे हवंच. वरचा अडकला तर अग्निशमनची गाडी येईपर्यंत तो हार्नेसमध्ये लोंबकळत राहणार का?

हेल्मेट, चष्मा, कानाला मफ, बूट. सांगायला नको. चेनसॉची पँट मे महिन्यात घालणं शिक्षाच आहे, पण तिच्यातले लांब धागे चेन अडवतात आणि मांडी वाचते. घालायची.

खालची माणसं. एक फक्त रस्त्यावर, दुसरं काहीही न करता. फांदीच्या टप्प्यात कोणी नाही, मोबाइलवर बोलणारा तर नाहीच. हाक ठरवून ठेवा, 'सोडतो' आणि 'थांब'. 'हो' हा शब्द बंद, मशीनच्या आवाजात त्याचं काहीही होतं.

कापताना: आधी खालून एक तृतीयांश, मग थोडं पुढे वरून, म्हणजे साल चिरत खोडावर येत नाही. उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या मुळाशी फुगवटा असतो त्याच्या बाहेरून. फुगवटा कापलात तर जखम भरत नाही. खुंट लांब ठेवलात तर कुजतो. डांबर फासू नका. शेंडा उडवू नका, कितीही सांगितलं तरी.

काका-काकू येतील, 'ही पण घ्या ना एक' म्हणतील. कागद दाखवा.

फांद्या टेम्पोत, भुसा झाडून, गाड्या परत लावायला सांगा. टाकी रिकामी. चेनवरचा चीक पुसा. दोर वाळवा. पाना मोजा. दोन. दोन नसतील तर टेम्पो हलवू नका, पानांच्या ढिगात शोधा, मागच्या आठवड्यात एक तिथेच सापडला.