कुपा गळाला लागतो, पण बोटीवर येत नाही: या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोहून कुप्याच्या (ट्यूना) शिकारीला निघणाऱ्या लाँग-रेंज (लांब पल्ल्याच्या) बोटी बंदरातच जिवंत तारली टाक्यांत भरून घेतात आणि टॅनर किंवा कोर्टेझ बँकेकडे (समुद्रातल्या उथळ उंचवट्यांकडे), नाहीतर मेक्सिकोतल्या बाहाच्या किनाऱ्याने दक्षिणेला जातात. मासा कुठे आहे हे शोधणं कॅप्टनचं काम. गळाला लागलेला मासा सुटतो तो मात्र बहुतेक वेळा गरवणाऱ्याच्या हातून, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: दोरी सैल हवी तिथे ताण दिला जातो.

ड्रॅग हाताने ओढून ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक: किती ताणावर दोरी सुटायला लागेल ते तो ठरवतो. हाताला "बरोबर" वाटलेला ड्रॅग प्रत्यक्षात 6 पौंडही असू शकतो आणि 20 सुद्धा. रॉडच्या कड्यांतून दोरी ओवा, टोकाला स्प्रिंगचा काटा बांधा आणि रिळावरची ड्रॅगची लिव्हर स्ट्राइकच्या (मासा लागतानाच्या ताणाच्या) खुणेवर ठेवून ओढून बघा. दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश एवढा आकडा हवा. 40 पौंडी तंगूस असेल तर 10 ते 13 पौंड. हे काम निघायच्या आधी, धक्क्यावरच करून ठेवा.

मासा दोरी घेऊन पळत सुटला की नवखा माणूस ड्रॅग आणखी आवळतो. खरं तर तेव्हा तो सैल करायचा असतो. स्पूलवरची (रिळाच्या फिरकीवरची) दोरी संपत जाते तसा तिचा घेर लहान होतो आणि लिव्हर न हलवताही ताण वाढतो. व्यास निम्मा झाला की 12 पौंडांचे 24 होतात. त्यात पाण्यात पसरलेल्या शेकडो फूट दोरीचा रेटा वेगळाच. 40 पौंडी दोरीची गाठ अशाच वेळी जाते. लांब धाव सुरू असताना लिव्हर थोडी मागे घ्या आणि दोरी परत भरली की पुढे आणा.

मेलेली किंवा अर्धमेली तारली लावणं

टाकीतून तारली घेताना खवले शाबूत असलेली, जाळीतून निसटायला बघणारी निवडा. नाक लाल झालेली, खवले गेलेली सोडून द्या. मुठीत आवळू नका. गळ नाकातून आडवा घातला की ती सरळ पोहते. गुदपराजवळ (पोटाखालच्या मागच्या पराजवळ) लावला की खाली आणि बोटीपासून दूर जाते. गळ आमिषाच्या मापाचा हवा. मध्यम तारलीला 1/0 पुरे. 3/0 लावलात तर ती गळाचं वजन ओढण्यातच दमते.

बोट वाऱ्यावर आडवी वाहत असताना वारा तोंडावर येईल त्या बाजूला उभे राहा. तिथून बोट दोरीपासून दूर सरकते. उलट बाजूला दोरी बोटीखाली जाते. स्पूल मोकळं ठेवा, त्यावर अंगठा नुसता टेकलेला असू द्या. तारली ओढेल त्याच्या किंचित पुढे दोरी सोडत राहा, कारण जराशा ताणानेही ती गोल फिरून वर येते. ती दूर जात नसेल तर लगेच बदला. मेलेल्या आमिषावर वाट बघण्यात चावण्याची वेळ निघून जाते.

चावताच हिसका देणं

कोकणातल्या खडकांवर गरवायची सवय असलेल्यांना ही खोड सोडवणं सगळ्यात अवघड जातं. गोल गळाला (सर्कल हुकला) हिसका दिला की तो तोंडातून तसाच निसटून येतो. दोरी अचानक वेगाने सुटू लागली की रॉडचं टोक माशाच्या दिशेला ठेवा, तीनपर्यंत मोजा, लिव्हर स्ट्राइकवर न्या आणि रॉड वाकेपर्यंत गुंडाळत राहा. जबड्याच्या कोपऱ्यात गळ आपोआप बसतो.

जागा धरून उभं राहणं

मासा जिकडे जाईल तिकडे कठड्याच्या कडेने चाला. दोरी कायम आपल्या समोर सरळ हवी. दुसऱ्याच्या दोरीवरून की खालून जायचं हे डेकवरचा खलाशी सांगेल. तो म्हणेल ते ताबडतोब करा. ताणलेली ब्रेडेड (विणलेली) दोरी शेजारच्याचा तंगूस सुरीसारखा कापते.

गाठी

फ्लुरोकार्बन (गळाजवळ बांधायचा पारदर्शक तंगूस) कोरडा आवळला की घर्षणाने जळून कमजोर होतो. थुंकी लावूनच आवळा आणि जोर देऊन ओढून बघा. प्रत्येक माशानंतर शेवटचे दोन-तीन फूट बोटांत फिरवून पाहा. खरखर लागली तर कापून नव्याने बांधा. दोन मिनिटं वाचवायला गेलात तर पुढचा मासा गमवाल.

बोटीजवळची घाई

दमलेला कुपा बोटीखाली गोल फिरतो. तो आपल्याकडे येत असताना रिळाच्या लो गिअरमध्ये (हळू पण जोरदार) गुंडाळा, दूर जात असताना नुसतं धरून ठेवा. रॉड कठड्यावर टेकवलात तर कंबर शाबूत राहील. गॅफ (मासा वर ओढायचा दांड्याचा आकडा) लावताना माशाचं डोकं पाण्याबाहेर ओढू नका. गॅफ बसल्याचं खलाशाने सांगितलं की रीळ मोकळं सोडा आणि अंगठा स्पूलवर ठेवा. मासा गॅफवरून निसटला तरी दोरी तुटणार नाही.

मासा डेकवर पडून राहणं

कुप्याचं शरीर पाण्यापेक्षा गरम असतं आणि झुंजीत आणखी तापतं. रक्त न काढता उन्हात ठेवलेलं मांस फिकं आणि आंबूस होतं. डेकवर येताच कल्ल्यांजवळ कापून रक्त वाहू द्या, आपल्या क्रमांकाचा टॅग लागला का ते बघा आणि मासा थंड खाऱ्या पाण्यात उतरवायला सांगा. ब्लूफिनची (कुप्याची एक जात) मोजणीही तेव्हाच करा: अमेरिकेच्या हद्दीत 2015 मध्ये माणशी दिवसाची मर्यादा 10 वरून 2 वर आली. मेक्सिकोच्या हद्दीत जाणाऱ्या सफरीचे नियम वेगळे असतात आणि तिथे पासपोर्टही लागतो, म्हणून तिकीट काढतानाच विचारून घ्या.